दोन वर्षं उतरवलेली गिटार

प्रिय व्हर्नाताई,

बसमध्ये तेल भरतायत तोवर नॉक्सव्हिलच्या खानावळीत बसून लिहितेय. तू बसच्या मागच्या खोलीत केसांना रोलर लावून बसली असशील. इथे मऊ पावासारख्या बिस्किटांवर ओततात ती पांढरी ग्रेव्ही थेट आईच्या हातची वाटते, तुला आवडली असती. शेजारचा ट्रकवाला मघापासून वाकून माझं पत्र वाचतोय. की मलाच तसं वाटतंय? तुझ्या बसमध्ये राहून आता कुणी नुसतं खोकलं तरी संशय येतो.

शनिवारी तू नॅशव्हिलला रेडिओवर गाणार, अकरा वर्षांनी. ते बिनसलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तू झोपेतसुद्धा बडबडतेस. म्हणूनच वर्षभर तुझा एकच घोशा, "मला बघून बँडवाले गप्प का होतात?" कॉफीसुद्धा स्वतःच ओतून घेतेस. "ओपल, चुगल्या कोण करतं ते शोधून काढ," म्हणालीस, आणि मी बसमधल्या बर्थच्या पडद्यामागे झोपेचं सोंग घेऊन कान लावून पडायला लागले. टल्सात तर हार्लनकाकांना सगळ्यांदेखत म्हणालीस, "रेकॉर्ड कंपनीला माझी खबर तुम्हीच देता ना?" त्यांनी स्टील गिटारची पेटी बंद केली. म्हणाले, "पोरी, मी पहिल्या गाण्यापासून तुझ्या मागे बसून वाजवतोय. मागून सगळं ऐकू येतं." तू त्यांना तिथेच उतरवलंस. नातवासाठी घेतलेली पेकन अक्रोडांची पिशवी ते बसमध्येच विसरले. ती मी खाल्ली, रडत रडत, सगळी.

आता खरं ऐक. दोन वर्षांपूर्वी अमरिलोच्या कार्यक्रमात तुझ्या त्या गाजलेल्या गाण्याची वरची ओळ तुला गाठता आली नाही. तू हसून माइक लोकांकडे वळवलास, लोक खूश झाले. मी मागून तुझी मान बघत होते, शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी तुझी गिटार अर्धा स्वर खाली लावली आणि बँडमधल्या एकेकाच्या हातापाया पडले, तुम्हीही तेवढंच खाली वाजवा, तिला कळू देऊ नका म्हणून. तुझी बोटं त्याच जागी पडत होती, तुला कळणार कसं? यंदा आणखी अर्धा. "तारा ढिल्या लागतात गं," म्हणालीस, तर जाड तारा चढवल्या आणि उकाड्यावर ढकललं. हार्लनकाका तेवढे म्हणत राहिले, "तिला सांग, नाहीतर मी सांगतो." तू ऐकलीस ती कुजबुज हीच. त्यांना उतरवलंस तेव्हा मी खिडकीतून बघत बसले.

पण शनिवारी साथीला आपली माणसं नाहीत. तिथले वादक रेकॉर्डवर आहे त्याच स्वरात वाजवणार, आणि तिथे पियानो आहे. तो कुणाच्या धाकट्या बहिणीच्या विनवण्या ऐकत नाही. हे पत्र मी गिटारच्या पेटीत ठेवतेय. गिटार आज सकाळी खऱ्या स्वरात लावलीय. दार लावून एकदा गाऊन बघ. वरची ओळ लागली तर उत्तमच. नाही लागली तर त्यांना आजच सांग, स्वर खाली घ्या म्हणून. स्वतःच्या तोंडाने सांग, मान वर करून. हार्लनकाका घरीच आहेत, मी फोन केला होता. तू बोलावलंस तर येतो म्हणाले. मी इथेच उतरतेय, शोधू नकोस. चुगलखोर शोधायचं काम मला दिलं होतंस ना? सापडली.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
ओपल