त्या बाईचा गाल

मंगळवार, सांजच्याले

समुद्रात बुडवायच्या सिमेंटच्या बाईचा गाल मी आज पॉलिश पेपरनं घासला, तर हे काम देणारा पुण्याचा आर्टिस्ट माझ्याच शेडमधी माझ्यावर खेकसला. "काका, खडबडीतच हवा. तरच त्यावर प्रवाळ धरेल, मासे राहायला येतील." आन छिन्नी घेऊन स्वतःच गालावर खाचा पाडल्या. त्या गालात माझी अख्खी सकाळ गेली होती.

मी जन्मभर गणपती केले. तेही बुडतातच. पण आधी दहा दिवस लोकं तोंड पाहून हात जोडतात. हिचं तोंड कोण पाहणार? मासे?

"बरं," म्हटलं. तो जेवाले गेला, तवा खाचा सिमेंटनं बुजवल्या आन गाल पुन्हा घोटला. आता समुद्रानं त्याच्यावर प्रवाळ धरून दाखवावं.