लांबनाकी आणि चपटी

दि. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, ओरडू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस. शेवटी दोघंही दमून गप्प बसतो. त्यापेक्षा कागद बरा.

दुकान ठीक चाललंय. शिवणाच्या चार मशिनींपैकी तीन चालू आहेत. चौथीवर बसायला कुणी नाही, म्हणून तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

पत्राचं खरं कारण म्हणजे मला एक छोटा डिजिटल कॅमेरा हवाय. हल्ली पक्षी बघायचा नाद लागलाय. मोबाइलने लांबचं काढलं की नुसता डाग येतो. इथल्या दुकानदाराने दोन दाखवले. एकाचं भिंग भसकन बाहेर येतं आणि लांबचं जवळ दिसतं. दुसरा चपटा, खिशात मावणारा. दोघांत चांगला कुठला विचारलं तर म्हणाला दोन्ही चांगले, म्हणजे त्याला काही कळत नाही. तू जन्मभर कॅमेरे उघडून बसलायस, तूच सांग. माझी गरज एवढीच, की तिसऱ्या मजल्यावरून, रस्ता ओलांडून पुढे साठ-सत्तर पावलांवरचं तोंड स्पष्ट यायला हवं. पक्ष्याचं तोंड.

गुडघ्याला तेल लावतोस ना? कंटाळा करू नकोस. तुझा लोभ आहे म्हणूनच हक्काने त्रास देते, तो तसाच राहू दे.

तुझी,
बायो

•

दि. ११ जानेवारी

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

पक्ष्याच्या तोंडाला चोच म्हणतात.

अगं, कावळा आणि कबुतर सोडून तिसरा पक्षी तू ओळखल्याचं मला आठवत नाही, आणि कबुतरांना तू झाडूने हाकलतेस. शिवाय पक्षी रोज साठ-सत्तर पावलांवरच बसतो म्हणजे फारच शिस्तीचा दिसतो! तुझ्या त्या गिऱ्हाईक शिक्षिकाबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसमोर रोपवाटिका आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे आपली ठकी आणि तिचा नवरा काम करतात आणि मे महिन्यात त्यांना मुलगी झाली, हेही. पोटची पोर अडीच वर्षं तुझ्याशी बोलत नाही, तू तिच्याशी बोलत नाहीस, आणि नातीचं तोंड बघायला तुला कॅमेरा हवा. मग तसं लिही की. मी काय परका आहे?

आता कामाचं. तू म्हणतेस तसेच दोन जुने कॅमेरे माझ्या टेबलावर दुरुस्त होऊन पडलेत. हल्ली तरुण पोरांना पुन्हा याच छोट्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, त्यामुळे माझं बरं चाललंय. एकीचं नाव मी लांबनाकी ठेवलंय, दुसरीचं चपटी.

लांबनाकी तीस पट जवळ आणते. पण नाक जेवढं लांब काढशील तेवढा आत उजेड कमी, आणि हात केसभर हलला की चित्र हातभर हलतं. भर उन्हात, कोपर खिडकीत टेकवून, श्वास धरून दाबायचं. मैदानावरचा खेळ, डोंगर, पक्षी (खरे पक्षी) यांना ती छान.

चपटीला लांबचं काही जमत नाही, तो तिचा प्रांतच नाही. पण तुझ्या दुकानासारख्या अंधाऱ्या खोलीतसुद्धा फ्लॅश न मारता ती माणसाचा रंग माणसासारखा आणते. टाका न् टाका दिसेल. घरातली माणसं, बाळं, हातातलं काम यांना तीच हवी. अट एकच, दोन हातांवर जाऊन उभं राहायला लागतं.

मला विचारशील तर चपटी घे. पण तू माझं कधी ऐकलंस? म्हणून दोन्ही पाठवतोय. पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय खिडकीबाहेर हात काढू नकोस, खालून जाणाऱ्याचं डोकं फुटेल.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

दादा

•

दि. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पकडलंस. बरं वाटलं, कारण शिक्षिकाबाईंच्या खिडकीचे पडदे मी आता तिसऱ्यांदा मापलेत आणि त्याही संशयाने बघायला लागल्यात.

दोन्ही वापरून पाहिल्या. चपटीने दुकानात कापडांचे फोटो काढले. काय सांगू! निळ्या आणि जांभळ्या धाग्यातला फरक रात्रीच्या दिव्यातही कळतो. पण खिडकीतून रोपवाटिका काढली तर नुसता हिरवा ठिपका. लांबनाकीने मंगळवारी आणि शुक्रवारी मिळून चाळीस फोटो काढले. अठ्ठावीस हलले. नऊ फोटोंत झाडंच आहेत. तिनांत बाळ आहे, पण पाठमोरं. ठकी दर वेळी नेमकी तेव्हाच तिला उचलून पाठ फिरवते. तोंड अजून पाहिलं नाही, दादा. नावही माहीत नाही. रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटलं तर विचारीन म्हणते, मग वाटतं, आजी असून नाव विचारते म्हणजे काय म्हणतील.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. ठकी दुकान सोडून गेली त्या दिवशी तिने एका बाईंच्या कोटाचं कापड नुसत्या नजरेने कापलं. बाई घाईत होत्या, ठकीला वाटलं जमेल. कापड वाया गेलं. माझा नियम तुला माहीत आहे, अंगावर माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. मी भरल्या दुकानात तिच्या गळ्यातली टेप ओढून काढली आणि अंदाजाने कापणारे हात मला नकोत असं म्हणाले. ती उठली. चप्पल घातली आणि गेली. मला वाटलं संध्याकाळी जेवायला येईल. ती टेप अजून गल्ल्याच्या खणात आहे.

आता पुढचं ऐक. एका फोटोत बाळ कुंडीला धरून उभं आहे. उभी राहते रे! पण झबलं मुंढ्यात घट्ट होतंय, काखेत चुण्या पडल्यात, हात वर करताना रुतत असणार. ते बघून मला दोन दिवस घास गोड लागला नाही. फाटकाशी दहा इंची कुंड्यांची उतरंड आहे, तसलीच ही कुंडी. तिच्या उंचीवरून पट्टी लावून मी बाळाचं माप काढलं. चांगली उंचनिंच आहे, तुझ्यावर गेली असणार. मऊ सुती कापडाचा पिवळा फ्रॉक शिवलाय, सोबत पाठवते. तू तो तुझ्या नावाने ठकीला पाठव. माझं नाव काढायचं नाही, तुला माझी शपथ.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस. एवढ्या कामाला तुझ्याशिवाय मला कोण आहे?

बायो

•

दि. ९ फेब्रुवारी

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

फ्रॉक आजच टपालात टाकला. सुरेख झालाय. शपथ घातलीस म्हणून तुझं नाव घातलं नाही. पण माझंही घातलं नाही. सहासष्टाव्या वर्षी मी फ्रॉक शिवायला लागलो, हे ठकीला पटणार नाही.

एक मात्र बोलतो. लांबनाकीच्या फोटोत सगळं एकाच भिंतीला चिकटवल्यासारखं दिसतं. लहान काय, मोठं काय, भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. मला फ्रॉक जरा ऐसपैस वाटला. पण कपड्यातलं मला काय कळतं?

आणि फोटोवरून माप घेतलंस, हे वाचून मी हसलो आणि मग चष्मा पुसत बसलो. तू, बायो? तू?

दादा

•

दि. २० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

पार्सल मिळालं. वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण पत्ता लिहिण्यातली तुझी तिरकी अक्षरं मला कळतात. फ्रॉक तुझा नाही, हे तर आंधळ्यालाही कळेल. आतल्या कडा दुमडून दुहेरी शिवण घातलीय, बाळाला टोचू नये म्हणून. पाठीला बटण नाही, झोपल्यावर रुततं म्हणून नाड्या खांद्यावर. आणि खाली दुमडीत वाढत्या अंगासाठी तीन बोटं जादा कापड. एवढं करणारी बाई मला एकच माहीत आहे.

फ्रॉक अंगात घातला तर आमची पोर आतच हरवली. दोन वर्षांच्या मुलाचं माप आहे हे! आईकडून माप चुकलं, मामा. मी सगळं घर डोक्यावर घेऊन हसले. नवरा बघायला आला तोवर मी रडत होते.

मग हळूहळू उलगडलं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मंगळवारी, शुक्रवारी काहीतरी चकाकायचं. आम्हाला वाटलं, रोपवाटिकेची जागा मोजायला कुणी साहेब दुर्बीण लावून बसतोय, म्हणून चकाकलं की मी बाळाला उचलून पाठ फिरवायचे. अडीच वर्षांनी माझी आई मला बघायला आली आणि मी तिला पाठ दाखवत होते. बाळ ज्या कुंडीला धरून उभं राहतं ती आठ इंची आहे. दहा इंची आम्ही फाटकाशी रचतो. लांबून माप काढायला आईला कुंडीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तिने नक्की दहा इंचीच धरली असणार.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. कापड मी वाया घालवलं, चूक माझीच. पण तिने गिऱ्हाइकांसमोर माझ्या गळ्यातली टेप ओढली. त्या बाईंचे डोळे मला अजून आठवतात. एकटीला आत नेऊन दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. पुढे कितीदा तरी दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

तिला मी रडल्याचं सांगू नकोस. एवढंच कळव, की फ्रॉकचं माप चुकलंय. माप चुकलं तर गिऱ्हाइकाला हेलपाटा घालायचा नाही, शिवणाऱ्याने स्वतः टेप घेऊन त्याच्या घरी जायचं, हा तिचाच नियम आहे. नियम बदलला असेल तर तसं कळवावं.

तुझ्या गुडघ्याला माझा नमस्कार. मायेला अंतर देऊ नकोस.

ठकी

•

दि. २५ फेब्रुवारी

चि. बायोस,
आशीर्वाद.

तुझ्या दुकानाविरुद्ध तक्रार आली आहे. सोबत जोडली आहे. सांगू नकोस अशी त्यात एक ओळ आहे, पण माझे डोळे आता अधू झालेत, ती मला दिसली नाही.

दुकान बंद कर आणि जा. पक्षी उडून जायच्या आत.

दादा

•

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेले होते.

ठकीची चिठ्ठी हातात घेऊन दोन दिवस नुसती बसून होते. इतरांना शिकवला तो नियम मी स्वतः मोडला आणि तोही कुणावरून, तर एका कुंडीवरून! शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावलं. पिशवीत चपटी ठेवली, फोटो काढायचा म्हणून. आणि गल्ल्याच्या खणातली ती टेप घेतली.

रस्ता ओलांडून फक्त साठ पावलं आहेत. मला वाटायचं सत्तर असतील. फाटकाशी पाय अडला. ठकी माती मिसळत होती. हात कोपरापर्यंत भरलेले. तिने वर बघितलं. मी काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी एवढंच म्हणाले, की त्या दिवशी कापड तू चुकीचं कापलंस, पण जास्त मी फाडलं, आणि मला ते दुरुस्त करता येत नाही. ती म्हणाली, आधी माप तरी घे. मग आम्ही दोघी तिथेच, खताच्या पोत्यावर बसून रडलो. जावई बिचारा पाण्याची झारी घेऊन तीन वेळा आत-बाहेर करून गेला.

बाळाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेपचं टोक तोंडात घातलं. दादा, तिच्या हनुवटीवर खळी आहे! चाळीस फोटोंत कुठे आली नव्हती. अंगाला मातीचा आणि दुधाचा वास येतो. माप घेताना एक हात ठकीने धरला, एक मी. घेऊन झाल्यावर ठकीने ती टेप पुसली आणि सवयीने स्वतःच्या गळ्यात टाकली. आपण काय केलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. मी ते फक्त बघितलं. परत येताना मागितलीही नाही. ठकी दुकानात परत येणार नाही, तिला झाडांचंच वेड आहे, तसं तिने स्पष्ट सांगितलं. चौथी मशीन राहू दे रिकामी, इस्त्रीचे कपडे तरी कुठे ठेवू?

बाळाचं नाव विचारलं. तुला माहीत होतं ना, लबाडा? मे महिन्यापासून!

फोटो काढायचा राहूनच गेला, दोन्ही हात गुंतलेले होते. मग निघताना ठकीनेच पिशवीतून चपटी काढली आणि दाराच्या सावलीतच एक काढला. सोबत पाठवते. माझे केस विस्कटलेत, डोळे सुजलेत, आणि बाळाने माझा चष्मा धरलाय. एवढा वाईट फोटो माझा कुणी काढला नव्हता. त्याची मोठी प्रत करून पाठव, दुकानात लावायची आहे.

लांबनाकी परत पाठवतेय. तिची काही चूक नाही, एखाद्या खऱ्या पक्षीवेड्याला दे. चपटी ठेवून घेते.

आता तू ये. गुडघ्याची सबब चालणार नाही, ठकी घ्यायला येणार आहे. इतकी वर्षं लोभ केलास, आता समोर बसून कर.

तुझी,
बायो

ता. क. फ्रॉक उसवून पुन्हा शिवायला घेतलाय. छाती साडेसतरा इंच, उंची सव्वासत्तावीस. अंगावर घेतलेलं माप आहे.