बाबांच्या डोक्याचा खिजाब

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता वयानं तुझ्याहून मोठी आहे. आज सकाळी नात वाटी घेऊन आली, "आजी, तुह्या केसाले काळं लावून देऊ काय?" मी तिच्या अंगावरच धावून गेले. पोर बिचारी गोरीमोरी झाली. तिला काय सांगू? म्हणून तुला लिहीत बसले आहे.

आपल्या खामगावच्या घराचा मागचा ओटा आठव. कापसाचे दिवस, जिनातला कापूस उडून परसातल्या तुळशीवरसुद्धा बसलेला. बाबा भर दुपारी घरी आले. अडतीवर बसणारा माणूस ऐन हंगामात दुपारी घरी येतो, तेव्हाच मला कसंसं झालं होतं. हातात केस काळे करायच्या खिजाबाची पुडी. त्यांनी मागं एकदा न्हाव्याकडून केस काळे करून घेतले होते, पण तो रंग विटून कुठं तांबडा, कुठं हिरवट झाला होता, आणि हमालसुद्धा पाठीमागं हसायचे. म्हणाले, "हे जुनं सारं काढून टाक अन् नवं लाव. उद्या जानेफळले जायचं हाय."

जानेफळ म्हटल्याबरोबर तू हातातलं सूप खाली ठेवलंस. तिथं आपलं कुणी नव्हतं. होती ती आत्याबाईनं हेरलेली मुलगी, माझ्याहून जरा मोठी. माझ्या पाठीवर तुला मूल झालं नाही, घराला मुलगा नाही, म्हणून सवत आणायचं घाटत होतं. तेव्हा त्याला ना कायद्याची आडकाठी होती, ना जनाची लाज. सवत आल्यावर आपलं काय होणार, हे मला त्या वयातही कळत होतं. मागच्या गल्लीतली एक बाई स्वतःच्याच घरात सवतीची धुणी धुते, हे मी रोज बघत होते.

आणि नवऱ्याला नवरदेव करायला बसवली कुणाला, तर बायकोला! अजून माझं डोकं फिरतं. तू मात्र पापडाच्या सामानातला पापडखार काढलास, दह्यात कालवलास, त्यांच्या डोक्यावर थापलास. रिठ्याच्या पाण्यानं धुतलंस, पुन्हा थापलास. मी तांब्यानं पाणी ओतते आहे, आणि जुना रंग मोरीतून वाहतो आहे, आधी काळा, मग गढूळ तांबडा. शेवटी केस वाळल्या कडब्यासारखे झाले आणि खालची कातडी लालबुंद दिसायला लागली.

"आज नका लावू," तू म्हणालीस. "डोस्कं कच्चं झालं. मागच्या बारीले कानामागं फोड आले होते तुमाले. दोन दिस तेल लावू द्या."

"तू मले शिकवतं काय? लाव म्हनलं तं लाव."

"नका हो. तोंड सुजून जाईन."

"जळून राह्यली काय? लाव!"

तू पुडी वाटीत कालवलीस. त्या उग्र वासानं माझे डोळे चुरचुरले. एकेक बट उचलून, अगदी मुळापाशी, कपाळापासून मानेपर्यंत तू तो रंग लावलास; माझी वेणी घालतानाही तू इतकी निगुतीनं बसत नव्हतीस. दिवस कलताना बाबांनी आरशात पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, "कसा दिसतो?" तू म्हणालीस, "जवान दिसता."

सकाळी ते आत्याबाईला घेऊन बैलांच्या दमणीत बसून गेले. परतले तेव्हा गाडीवानानं त्यांना धरून उतरवलं. डोळे मिटलेले, कपाळ कानापर्यंत सुजलेलं, डोक्यातून पाणी गळतंय. मी किंचाळलेच. मुलीचा बाप म्हणाला होता, "पोरगी हिरीत ढकलीन, पन ह्या रोग्याले नाही देनार." आत्याबाई दारातूनच ओरडली, "हिनंच केलं! हिनं त्याच्यात काहीतरी कालवलं!" मी मधे पडले, "माय तं नाही म्हनत होती, म्या आयकलं." बाबा त्या सुजल्या तोंडानं म्हणाले, "हाव, हे नाहीच म्हनत होती."

गावोगाव बोभाटा झाला, पुन्हा कुणी मुलगी दाखवली नाही. त्यांच्या डोक्यावर काही जागी केस उगवलेच नाहीत. तू घरची मालकीण राहिलीस. पण तेव्हापासून तू दिलेलं पाणी बाबा आधी मला प्यायला लावत. मी घोट घेई, ते माझ्या तोंडाकडे बघत बसत, आणि तू चुलीजवळून आम्हा दोघांकडे. पुढं भाकरीचंही तसंच झालं. तू जाईपर्यंत हे चाललं.

ज्यांनी ज्यांनी विषय काढला त्यांना मी ठणकावून सांगत आले की माझी माय निर्दोष होती, तिनं त्यांना अडवलं होतं. खरंच अडवलं होतंस. पण माय, बाबांनी काढा घ्यावा असं तुला वाटलं की तूच म्हणायचीस ना, "लई कडू हाय, राहू द्या," आणि ते हट्टानं वाटी तोंडाला लावायचे? ते हटकून उलटं करतात हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं! हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एवढं लिहिते: त्या दुपारी तू "नका" म्हणालीस ते जाणूनबुजून असावं, असं मला फार फार वाटतं.