अप्पांची जीप उंच झाली

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलंय. नाहीतर तुझ्या नावाने बोटं मोडत बसावं, अशीच माझी आजची अवस्था आहे. काल दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईंनी मला तुझा व्हिडिओ दाखवला. 'जुनी जीप नवी करताना मला सर्वांत आवडलेले बदल' असं झोकदार नाव दिलंयस त्याला. माझ्या हातात टेप, तोंडात टाचण्या, त्यामुळे धड ओरडताही येईना. तू गॉगल लावून एकेक बदल समजावतोस आणि शेवटी गळा दाटल्यासारखा आवाज काढून म्हणतोस की हे सगळं मी माझ्या वडिलांसाठी केलं. मग अप्पा दिसतात. काठी टेकत जीपजवळ येतात, दारावरून हात फिरवतात, हसतात, आणि तिथेच व्हिडिओ संपतो. खाली लोकांनी बदामांचा नुसता पाऊस पाडलाय. मुलगा असावा तर असा, म्हणे! त्या बाईंचेही डोळे पाणावले होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण पुढे काय झालं ते त्या लोकांना माहीत नसलं तरी तुला आणि मला माहीत आहे. अप्पांना त्या जीपमध्ये चढताच आलं नाही.

विसरला असशील तर आठवण करून देते. त्यांनी चांगला पाय जमिनीवर रोवला आणि ऑपरेशनचा पाय उचलला. तो कसाबसा अर्ध्यापर्यंत गेला आणि हवेतच थांबला. धरायला हाताशी काही सापडेना. मी पुढे धावले तर त्यांनी मला नजरेनेच थोपवलं. मग पाय हळूच खाली ठेवला आणि 'ऊन फार आहे, नंतर बसू' म्हणत घरात गेले. कसलं डोंबलाचं ऊन? आभाळ भरून आलं होतं. तुझा मोबाइल तेव्हाही चालूच होता, मी पाहिलंय. नेमका तेवढाच तुकडा कापून टाकलास आणि आता मूग गिळून गप्प बसलायस. कापाकापीतलं मलाही थोडं कळतं रे, पोटच त्याच्यावर भरते मी.

बरं, अप्पांनी मागितलं होतं काय? दवाखान्यात, खुब्याचा बॉल बदलल्यावर, शुद्धीवर येऊन चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर ते तुला म्हणाले होते, 'जीप चालू करून ठेव. घरी आलो की धरणाच्या कच्च्या रस्त्याने एक चक्कर मारू. ताई चालवेल, मी शेजारी बसेन.' बस्स, एवढंच. नवी बॅटरी, कार्बुरेटरची सफाई, ब्रेकचं काम, इतक्यात भागलं असतं. पण तुला हुक्की आली. गाडी ट्रकवर घालून तुझ्या शहरातल्या त्या मित्राच्या गॅरेजात नेलीस आणि मग आम्हाला रोज फोटो. अप्पा चष्मा पुसून ते बघायचे. आधी कौतुकाने. पुढे मात्र 'इंजिन चालू झालं का विचार' असं मला हळूच सांगायचे. मी विचारलं की तू उत्तर द्यायचास, 'ताई, थांब ना जरा, सरप्राइज आहे.'

खोटं कशाला बोलू, काही कामं झकास केलीस. जुनं स्टिअरिंग वळवताना माझे खांदे भरून यायचे, आता बोटाने फिरतं. ब्रेकही नामी आहेत. पूर्वी उतारावर ब्रेक दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, इतकंच हातात होतं. तिथे तुला शाबासकी. पण पुढच्या काचेशेजारून वर काढलेली ती नळी? खोल पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून, असं तू व्हिडिओत सांगतोस. कुठल्या पाण्यातून जाणार आहेत अप्पा? त्यांना आंघोळीला खुर्ची लागते! टपावर दिव्यांची ती रांग लावलीस. मी एकदा बटण दाबलं तर समोरच्या घरातले काका काय जळतंय ते बघायला बाहेर आले. आणि पुढे ती लोखंडी दोराची चरखी, चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायला. त्यापेक्षा माणूस ओढून वर घेणारी एखादी बसवायचीस. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आणि तुझा सर्वांत लाडका बदल म्हणजे उंच स्प्रिंगा आणि ते राक्षसासारखे टायर. 'आता रस्त्यातला कुठलाच दगड खालून लागणार नाही' असं छाती फुगवून सांगतोस. दगडांची एवढी काळजी केलीस, मग बापाचा पाय किती वर जातो हे एकदा बघायला काय झालं होतं? मी साधा परकर शिवायचा तरी आधी माणसाला समोर उभं करते. तू अख्खी जीप शिवलीस आणि ज्याच्यासाठी शिवलीस त्याला एकदाही उभं केलं नाहीस.

तुला कदाचित आठवत नसेल, तू लहान होतास. अप्पा गुरांचे डॉक्टर, आडरस्त्याला कुठे गाय अडली की जेवणाचं ताट तसंच ठेवून याच जीपने निघायचे. पण आयुष्यात त्यांनी त्या गाडीत स्वतःहून एकच बदल केला. आईचे गुडघे धरायला लागले तेव्हा लोहाराकडे स्वतः उभं राहून त्यांनी दाराखाली लोखंडी पायरी जोडून घेतली आणि काचेच्या चौकटीला धरायला मूठ लावली. पायरी कुठे हवी हे ठरवायला आईला चारदा चढ-उतर करायला लावली होती. ती वैतागून म्हणाली होती, 'गाडी माझी करताय की मला गाडीची?' शेवटपर्यंत आई तेवढ्या आधाराने बसत होती. ती पायरी तू ग्राइंडर लावून उडवलीस. का, तर खाली लोंबते आणि दिसायला गबाळी. मूठही काढलीस. आणि पुढची लांब सीट, जिच्यावर आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, ती काढून कडा उचललेल्या रेसच्या खुर्च्या बसवल्यास. तुझ्या शहाण्या हातांनी गाडीत शिरायच्या सगळ्या वाटा बंद केल्यास. जुन्या जीपमध्ये अप्पा आरामात बसले असते. खुशाल पैज लाव.

परवा हे फोनवर निम्मंच बोलले तर तू म्हणालास, 'चिडू नकोस ताई, घडीची शिडी मिळते, आजच मागवतो.' शिडी! ज्या माणसाने त्याच गाडीत मांडीवर बसवून तुझ्या हातात स्टिअरिंग दिलं, त्याला आता आंबे उतरवणाऱ्यासारखा शिडीने चढवणार तू? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं फार सोपं असतं रे. इथे रोज संध्याकाळी ते पडवीत बसून जीपकडे बघतात, ते मला बघावं लागतं. गाडी दारात, चालवायला मी तयार, धरण काही पळून गेलेलं नाही, आणि माणूस खुर्चीत.

पण हे पत्र त्या व्हिडिओमुळे लिहीत नाहीये. व्हिडिओचा राग चार दिवसांत उतरला असता. आज मी दुकानातून लवकर घरी आले तर मागच्या खोलीतून धप्पकन आवाज झाला. धावत गेले. अप्पा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि शेजारी एक कोरं लाकडी स्टूल आडवं पडलं होतं. मला न सांगता त्यांनी सुताराला बोलावून जीपच्या दाराच्या खालच्या कडेएवढ्या उंचीचं स्टूल करून घेतलंय आणि मी कामाला गेले की त्याच्यावर पाय टाकायचा सराव करतात. गुडघा कमरेच्या वर न्यायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे, तरीही. हाड शाबूत आहे, एक्स-रे काढून आणलाय. मी खूप ओरडले, मग रडले. तर मलाच शपथ घालतात, 'त्याला यातलं कळू देऊ नकोस. पोराने एवढ्या हौसेने केलंय. त्याच्या गाडीत मी बसलोच नाही तर त्याला काय वाटेल?' त्याच्या गाडीत, म्हणाले. घरून फोनवर काही बोलले तर शेजारच्या खोलीत त्यांना ऐकू जातं, दुकानात गिऱ्हाइकांसमोर हे बोलवत नाही, म्हणून शपथ मोडून हे लिहितेय. मोबाइल तिकडेच ठेव आणि स्वतः ये. गाडीची उंची पूर्वीसारखी कर, पायरी आणि मूठ परत लाव. ती जुनी सीट भंगारात गेली असेल तर कुठूनही तशीच शोधून आण. आणि त्यांना हे मी कळवलंय असं सांगू नकोस, तुलाच सुचलं म्हण, म्हणजे ते खूश होतील. स्टूल ते मला टाकू देत नाहीयेत. उद्या मी दुकानात गेले की पुन्हा पाय टाकतील. लवकर ये.

तुझ्यावर संतापलेली आणि तरीही तुझीच,
ताई