एकशे नव्वद माणसांचं गाव

प्लेनो, अमेरिका

चि. कुमुद,
अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे, डोकं मात्र तापलंय.

शेजारच्या इव्हॉनबाई फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या. त्यांचं गाव अवघ्या एकशे नव्वद माणसांचं. सकाळी आठपर्यंत कुणाची खिडकी उघडली नाही, तर पाववालीसुद्धा जाऊन दार ठोठावते म्हणे.

इथे त्या बाथरूममध्ये पडल्या आणि दोन दिवस तशाच पडून होत्या. गल्लीत चाळीस घरं, दारोदार कॅमेरे, पण कुणी फिरकलं नाही. मीसुद्धा! पडदे बंद दिसले म्हणून निघाले होते, तर सूनबाई म्हणाली, "आई, प्लीज, इथे न विचारता असं कुणाकडे जात नाहीत." आणि मी बसले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी 'शेजाऱ्यावर प्रेम करा' शंभरदा लिहून घेतलं, ते वाया गेलं. बाई वाचल्या, पण आता चालू शकणार नाहीत.

आणि तू लिहितेस, समोरची नीला रोज सकाळी 'मावशी, उठलात का?' म्हणत आत येते, म्हणून तू दिवसाही कडी लावून बसतेस! एकटी राहतेस, अक्कल कुठे गेली? गुडघा कसा आहे?

कडी आजच काढ. काढल्याचं कळेपर्यंत वरचे आशीर्वाद परत घेतले आहेत.

तुझी
ताई