कॅलेंडरच्या मागचं आंगण

आईले करिश्माचा नमस्कार,

मी पुण्यात मजेत हाओ. डबा चांगला येते, कामबी बरं चालू हाय. बाबाचा खोकला कमी झाला का?

आपल्या मनोजच्या वर्षश्राद्धाले फ्रेम करायसाठी तू त्याची चित्रं पाठवली, ती मी स्कॅन केली. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढली होती न त्यानं, म्हणून मागच्या तारखा उलट्या दिसत होत्या. कॉम्प्युटरवर एक एक तारीख पुसून काढली. मग सगळ्यायले एकाच आंगणात बसवलं. बाबा संत्री निवडून राहिले, मी वेणी घालून राहिली, तू चहा देऊन राहिली.

तू म्हतलं होतं, त्यालेबी मधात बसव. आई, सारे कागद धुंडले. माया वेड्या भावानं सोताले कुठंच काढलं नाही. फोटोतून कापून लावून पाह्यला, पण तो आपल्यातला वाटे ना. मग काढून टाकला.

रागावू नोको. फ्रेम आली की नीट पाहजो. आपण तिघंबी एकाच जागेकडं पाहून राहिलो, जिथं बसून तो चित्र काढत होता. तुया हातातला कपबी तिकडंच पुढं केला हाय.

येळेवर जेवत जाय, माय.

तुयी करिश्मा