डाव्या हातानं सुई उचलनं

४ जाने., रविवार, अकोला
मयूरी आली पुन्याहून! माही नात, पोराची पोरगी. रातभर गाडीत मांडीवर खोकं धरून बसली पोट्टी. मले वाटलं मिक्सर असंन. तर आजोबासाठी रेकॉर्ड वाजवाची नवी मशीन! एवढी खुशी झाली का चहात दोनदा साखर पडली. ह्यायची जुनी मशीन बंद पडून महिना झाला. मोबाईलवर गानं लावून देल्लं तर मान फिरवते. लकव्यात उजवा हात गेला, बोलनं गेलं, एक हेच उरलं होतं.
नवी वस्तू म्हनून हळद-कुंकू लावलं, रेकॉर्ड ठेवाच्या फिरत्या ताटाच्या बरोब्बर मधात.

५ जाने.
कुंकू सुईत गेलं, रेकॉर्ड लाल. मयूरी वरडली, "आजी, मोटरसायकल हाय का थे?" दोघी कापसानं पुसत बसलो. मंग वाजली. काय साफ! जुनी चालू केली का आंदी दोन फेरे लडखडाची, झोपेतून उठल्यावानी. ही बटन दाबलं का तयार. ह्यायच्या डोळ्यातून पानी. मंग मोर्शीची संत्री खाल्ली, इहीनबाईनं पाठवली. गोड हाय, पन बिया लय.

७ जाने.
रफिकभाई आले. रेडिओ, पंखे, आमच्या घरचं सगळं तेच दुरुस्त करते. जुनीचा रबरी पट्टा गेला, तसा आता भेटत नाई म्हने. "भाभी, इसमें पट्टाच नाई. मोटर सीधी ताटाखाली. डायरेक्ट ड्राइव." ह्यायचा डावा हात थरथरते, ताटाले लागला का जुनी थांबून जाये. रफिकभाईनं मुद्दाम बोट लावून पायलं, ही थांबत नाई. "मजबूत है. घर में चलेगी."
मंग रेकॉर्ड सरली अन् खर्र, खर्र. जुनी सोताच सुई उचलून बाजूले ठेवे. ही फिरतच रायते. "उठाना पडेगा भाभी, नाई तो सुई घिस जाएगी." उचलाचा दांडा उजव्या अंगाले. अन् ह्यायचा उजवा हात तर…
"मी हाय ना," म्हनलं, हासून. रफिकभाईनं पेचकस पिशवीत टाकला. मी जानार हाय, त्यायले मालूम हाय.

९ जाने.
२१ पासून अमरावती. दिवाळीनंतर छातीतली गाठ काढली, आता पाच आठवडे किरनाचा शेक घ्या म्हनते डॉक्टर. लेकीकडे रायचं. इकडं पोरगा-सून दहा ते सहा हापिसात, तेवढा वेळ हे एकटे.
मयूरी म्हने, "वापस करतो आजी, सोता उचलनारी आनतो." ह्यायनं डाव्या हातानं मशीन छातीशी ओढली. हीच पायजे.
मशीन चांगली का वाईट मले काय समजते. माया बिगर चालते का, तेवढं पाहाचं.

१२ जाने.
मयूरी गेली. जाताना मशीन फिरवून ठेवली, दांडा ह्यायच्या डाव्या हाताशी आला. हुशार पोट्टी. पन हे उचलाले गेले अन् सुई घसरली, आवडत्या रेकॉर्डवर लंबी रेघ. खरखर चालू झाली का हे घाबरते, लेकरावानी रडते.

१५ जाने.
ठरवलं, आंगनात बसाचं, काई झालं तरी आत जाचं नाई. तुरीच्या शेंगा सोलल्या. खरखर आयकू येत होती. अर्धं टोपलं झालं अन् गेलीच आत. गाल ओले, सदरा ओला.

१७ जाने.
उचलली! आंगनातूनच आयकलं, टक् झालं अन् चूप. पळत गेली. सुई जाग्यावर. हे खिडकीतून पाहून राहिले, जसं काई झालंच नाई. चार घरी सांगून आली मी, शिरा केला.

१९ जाने.
काल नाई उचलली. आज बी नाई. परवा कसं जमलं मंग? "तुमाले जमते. काहून छळून राहिले मले?" बिमार मानसासंग भांडली. त्यायनं मायाकडे पायलं फक्त. मले बी शरम वाटली, पन…

२१ जाने., बुधवार, एसटीत
मूर्तिजापूर आलं. गाडी हालते, अक्षर वाकडं.
सकाळी ब्याग दारात ठेवली. पोरगा-सून निंघून गेले. ह्यायनं रेकॉर्ड सोता लावली, डाव्या हातानं सुई टेकवली. जरा बी थरथरला नाई हात. मी पायाशी बसली, पुरी बाजू आयकली. बाहेर आटोवाला हारन वाजवून राहिला.
सरली. खर्र. हात मांडीवर. रडले बी नाई, मायाकडे पाहून राहिले.
मी दांड्यापाशी हात नेला. वापस घेतला. चपला घातल्या, दार लोटलं. फाटकापर्यंत आयकू येत होतं.
सून सहानंतर घरी पोचली का फोन करते म्हने, मंगच कळन. आता साडेअकरा.